ला तेर्काचा चेहरा

सोमवार, १८ सप्टेंबर

आज सुलेमा मामाच्या वर्कशॉपवर आली. एक्याऐंशी दिवसांनी! मामाला म्हटलं, मी मोजत नव्हतो.

मी शिडीवर होतो, खाटकाच्या पाटीवरचं डुक्कर रंगवत. तिने नावाने हाक मारली नाही. नुसतं म्हणाली, "उतर."

उतरलो. हातात ब्रश, ब्रशला गुलाबी रंग. तिने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. ट्रेडमार्कच्या सरकारी गॅझेटचं पान. मुंग्यांसारखी अक्षरं आणि मधोमध माझं चित्र. मान खाली घातलेली मुलगी, कपाळावर एक बट, हात पाट्यावर. ला तेर्का! त्यांच्या मोले मसाल्याच्या बरणीवरची. मी काढलेली. खाली अर्जदाराचं नाव — फेर्मिन ओल्वेरा.

फेर्मिन. तिचा धर्मबाप. चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातांवर घेऊन उभा राहिलेला माणूस. तिच्या बापाचा कोम्पाद्रे. आमच्या आतोक्पानमध्ये सख्ख्या भावाशी भांडतील लोक, पण पोराच्या धर्मबापाशी नाही.

पुएब्लाच्या एका दुकानदाराने तिच्या बापाला फोन करून विचारलं म्हणे, सेल्सोशेठ, नाव विकलंत का? तेव्हा यांना कळलं.

ती म्हणाली, "मूळ चित्र फक्त तुझ्याकडे होतं. तू दिलंस का त्यांना?"

मी म्हणालो, नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. बघितलं म्हणजे खरंच बघितलं, डोळ्यांत. मग गेली. डुकराचा कान माझ्याकडून वाकडा झाला.

मंगळवार, १९ सप्टेंबर

काल तिला खोटं सांगितलं. इथे तरी खरं लिहितो, इथे कोण येतंय वाचायला.

जूनअखेर, सान पेद्रोच्या जत्रेत तो शेतकी कॉलेजातला इंजिनियर तिच्याबरोबर तीन नाच नाचला. मी पुल्के प्यालो होतो. चौथ्याला मी मध्ये गेलो, त्याची कॉलर धरली, धक्काबुक्कीत तामालांचं अख्खं पातेलं उपडं झालं. सेल्सोकाका सगळ्यांदेखत म्हणाले — कॉलेज अर्धवट टाकलेला, ब्रश घेऊन भिंती चाटत फिरणारा, हा माझ्या दारात पुन्हा दिसता कामा नये. सुलेमा शेजारीच उभी होती. एक शब्द बोलली नाही. मान खाली!

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फेर्मिन आला. दोन ट्रकच्या दारांवर ला तेर्का रंगवून हवी होती. मी म्हणालो, सेल्सोकाकांना विचारा. तो म्हणाला, कोम्पाद्रेचं ते माझं, माझं ते कोम्पाद्रेचं, विचारायचं काय त्यात. मग खिशातून कागद काढला. ट्रकच्या बॉनेटवर ठेवला. "कामाचा कागद आहे, नेहमीचा."

मी एकच ओळ वाचली. 'सदर चित्रातील चेहरा काल्पनिक असून कोणत्याही व्यक्तीचा नाही.' बोट ठेवून विचारलं, हे कशाला?

तो हसला. म्हणाला, "काल्पनिकच आहे ना? की कुणाचा आहे? सांग, तसं लिहू."

काय सांगणार होतो मी? एप्रिलमध्ये लेबल बघून सेल्सोकाकांनी हेच विचारलं होतं तेव्हा मीच म्हणालो होतो, कुणी नाही काका, मनातली आहे. खरं सांगितलं असतं तर बोटं मोडली असती त्यांनी. आणि जुलैत मनात काय होतं तेही लिहितो: घ्या! घेऊन जा तिचं तोंड! लावा ट्रकला, लावा बैलाला! जिला माझी पर्वा नाही तिचा चेहरा मी का जपू?

सही केली. बाकीचा कागद वाचला नाही.

कॉलेज मी कशासाठी सोडलं? माझ्या पोस्टरखाली मास्तरांनी प्रदर्शनात स्वतःचं नाव लावलं म्हणून. खुर्ची फेकली होती मी. आणि इथे बॉनेटवर वाकून, स्वतःच्या पेनाने —

बुधवार, २० सप्टेंबर

काहीही रंगवलं नाही. मामा म्हणतो, अंगात ताप आहे का डोक्यात?

शुक्रवार, २२ सप्टेंबर

सेल्सोकाकांकडे गेलो. दारात पाऊल ठेवायचं नव्हतं म्हणून दाराबाहेर उभा राहिलो. ते अंगणात चटईवर वाळक्या मिरच्या पसरत होते. काळ्या, लाल, तपकिरी — सगळ्या गल्लीला खोकला.

म्हणालो, काका, अर्जावर हरकत घेता येते. गॅझेटमध्ये छापल्यापासून महिनाभर. मी वाचलंय.

ते मिरच्याच हलवत राहिले. मग म्हणाले, त्यांनी माझ्यासाठीच केलं असणार. मीच मागे म्हणालो होतो, कोम्पाद्रे, ते नोंदणीचं काय ते तुम्ही बघा, मला कचेऱ्या कळत नाहीत.

"तुमच्यासाठी केलं तर नाव त्यांचं कसं?"

"तू माझ्या कोम्पाद्रेला चोर म्हणतोयस?"

हे दोघे शाळेत एका बाकावर होते. आई सांगते, अरे-तुरेच काय, शिव्यांशिवाय बोलायचे नाहीत. सुलेमाच्या बाप्तिस्म्याच्या दिवसापासून एकमेकांना अहो-जाहो करतात. तसंच करायचं असतं. वीस वर्षं झाली.

मी विचारलं, लेखी काही आहे का? तुम्ही त्यांना सांगितल्याचं? ते माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी त्यांना चर्चमध्ये टोपी घालून बसायला सांगितलं. कोम्पाद्रेकडून कागद! म्हणाले, "माझ्या आईला अख्खं गाव ला तेर्का म्हणायचं. हट्टी होती म्हणून. तिचा मोले तीस वर्षं याच नावाने विकला जातोय. सगळं गाव साक्ष आहे."

आत खिडकीशी सुलेमा होती. तिने सगळं ऐकलं. मी तेव्हा सांगायला हवं होतं — सही मी दिली. न सांगताच परत फिरलो.

शनिवार, २३ सप्टेंबर

मूर्ख. मूर्ख. मूर्ख!

सकाळी सात वाजता पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन फेर्मिनच्या गोदामाशी गेलो. दोन्ही ट्रक बाहेर उभे. पहिल्या दारावरचा चेहरा पुसला. मग दुसऱ्यावरचा — आधी केस गेले, मग कपाळ, पापण्या सगळ्यात शेवटी.

वळलो तर फेर्मिन मागे उभा. हातात कॉफीचा मग. किती वेळ बघत होता कोण जाणे. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला मारता आलं असतं.

"हात साफ आहे तुझा," म्हणाला. "पण पोरा, ते चित्र आता माझं आहे. कागद आहे. तू माझ्या मालावर पांढरं फासलंस, आणि माझ्या माणसांनी फोटो काढलेत."

मी म्हणालो, तुम्ही तुमच्या कोम्पाद्रेला लुबाडताय.

तो जवळ आला. आवाज आणखी खाली. "कोम्पाद्रेंना मी समजावून सांगीन. महानगरातल्या दुकानांत माल घालायचा तर नोंदणी लागते, आणि त्यांना सही करायचाही कंटाळा. पण चित्र मला कुणी दिलं हेही सांगावं लागेल मग. पोरीलाही सांगावं लागेल. सांगू?"

डबा तिथेच टाकून आलो. बुटांवर पांढरे ठिपके. आत्ता पुसतोय, निघत नाहीत.

रविवार, २४ सप्टेंबर

मामाने सगळं ऐकून घेतलं. पाट्या रंगवणाऱ्याने भिंतीवर सही करायची नसते, हा त्याचा धंद्यातला अभिमान. चाळीस वर्षांत एकाही पाटीखाली त्याचं नाव नाही. आज पहिल्यांदा म्हणाला, "करायला हवी होती बहुतेक."

मग म्हणाला, सोचिमिल्कोला एक वकीलबाई आहेत, मी त्यांची पाटी केली होती. उद्या-परवा जा. तोंड धुऊन जा. आणि तिथे कुणाची कॉलर धरू नकोस.

मंगळवार, २६ सप्टेंबर

ओफेलियाबाई. चष्मा डोक्यावर, एक चष्मा डोळ्यांवर. टेबलावर फायली, फायलींवर अर्धा खाल्लेला गोड पाव. मी बोलत असताना त्यांनी एकदाही 'बिच्चारा' असं तोंड केलं नाही. आवडल्या.

मी सांगितलं, तीस वर्षांचं नाव आहे, गावाला विचारा. त्या म्हणाल्या, "गाव कागद नसतं. या देशात आधी कोण वापरत होतं यापेक्षा आधी कोण नोंदवतंय ते बघतात. आधीच्या वापराचंही ऐकतात, पण पुरावा लागतो. बिलं आहेत?" नाहीत. गिरणीच्या दारात आणि जत्रेत विकलेला माल, चमच्याने चाखवून. "जुन्या बरण्या, लेबलं?" लेबल एप्रिलपासूनचं. त्याआधी पाटीवर खडूने.

मग माझा कागद. माझ्याकडे प्रतसुद्धा नाही! जे आठवलं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, वापराचा हक्क तू दिलास. तो कायमचा देता येत नाही, ठरावीक मुदतीसाठीच, पण दिलास हे खरं. "चित्र तू काढलंस हे मात्र विकता येत नाही. तू विकायचं म्हणालास तरी नाही. तुझ्या मरणानंतरही ते तुझंच."

मला वाटलं जिंकलो! उठून उभाच राहिलो.

"बस खाली. त्याने अर्ज पडत नाही." पावाचा एक तुकडा मोडला त्यांनी. "अर्जात नाव आणि चेहरा एकत्र आहेत. चेहरा पडला तर अख्खा अर्ज पडेल, आणि हरकतीच्या दिवशीच तुम्ही तुमचा घालायचा. चेहरा पाडायचा एक सरळ रस्ता आहे. खऱ्या माणसाचा चेहरा त्याच्या संमतीशिवाय कुणी नोंदवू शकत नाही. कुणाचा आहे तो?"

मी म्हणालो, कुणाचा नाही.

त्यांनी दोन्ही चष्मे काढले.

"कागदात 'काल्पनिक' हा शब्द कुणी घालायला लावला? तू?"

"त्यांनी."

"म्हणजे त्यांना माहीत आहे कुणाचा ते. मला सोडून सगळ्यांना माहीत दिसतंय." कॅलेंडरवर बोट ठेवलं. "शेवटचा दिवस नऊ ऑक्टोबर, सोमवार. एक दिवसही वाढवून मिळत नाही. जिचा आहे तिला घेऊन ये. आणि चेहरा तिचाच आहे हे दाखवणारं काहीतरी. तारीख असलेलं."

बुधवार, २७ सप्टेंबर

तारीख असलेलं आहे. ही वही.

तीन मार्चचं पान काढलं. आठवत होतंच, तरी काढलं. गिरणीच्या भिंतीवर मी 'दळण रोख' लिहीत होतो. ती दळणाची बादली घेऊन आली, रांग मोठी, तर भिंतीच्या सावलीत बसून मिरच्यांची देठं आणि बिया काढायला लागली. मी फळीवर बसलो. ब्रश सोडला, पेन्सिल घेतली. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात ती आहे — बट, पापण्या, खालच्या ओठाजवळचा तीळ. तीळ मी लेबलवर मुद्दाम काढला नाही. खाली लिहिलंय:

'सु. गिरणीपाशी. अकरा ते साडेबारा. दीड तास बसली. दोन किलो मिरच्या असतील, आईने अर्ध्या तासात उडवल्या असत्या. हात जळत असणार. मी समोर, दहा पावलांवर! एकदाही वर बघितलं नाही. एकदाही नाही! मी भिंत आहे का?'

त्याच्यानंतरची पानं तर — नको. एप्रिलमध्ये तिच्या चपलांवर एक पान आहे. जूनच्या जत्रेचं पान आहे. तिला दिलेल्या शिव्या आहेत. आणि १९ सप्टेंबर.

हे सरकारी माणसाच्या टेबलावर ठेवायचं? तिच्या बापासमोर? तिच्या?

शनिवार, ३० सप्टेंबर

मोलेची जत्रा सुरू झाली. गावाबाहेरच्या मैदानावर तंबू, मोठ्या कढया, ढीगच्या ढीग मसाले. हिरवा, काळा, बदामाचा. बाहेरगावच्या गाड्यांची रांग महामार्गापर्यंत.

सेल्सोकाकांच्या स्टॉलवर ला तेर्काची पाटी नव्हती. मी केलेली पाटी. उलटी करून भिंतीला टेकवून ठेवलेली.

मागे जाऊन बघितलं तर टबात कोमट पाणी, पाण्यात बरण्या. काका आणि त्यांची बहीण ओल्या फडक्याने लेबलं सोडवत होते. दोनशे तरी बरण्या असतील. पाण्यावर चेहरे तरंगत होते. काही अर्धे, काही नुसती बट आणि कपाळ.

फेर्मिन येऊन गेला होता. दोघं मिठी मारून भेटले म्हणे. त्याने सांगितलं, कोम्पाद्रे, नोंद माझ्या नावावर झाली की तुम्ही बिनधास्त वापरा, मी तुम्हाला परवानगी देईन. तोवर नाव लावू नका, आयोजकांचा उगाच घोळ नको.

परवानगी! स्वतःच्या आईच्या नावाची!

काका म्हणाले, "मी कोम्पाद्रेवर कागद टाकणार नाही. माझ्या पोरीला त्यांनी देवासमोर हातावर घेतलंय. बरण्या बिननावाच्या विकीन."

मोठ्या आवाजात नाही म्हणाले. टबाकडे बघून म्हणाले. एक बरणी पुसत होते, ती स्वच्छ झाली तरी पुसतच होते.

सुलेमा पुढे गिऱ्हाईक सांभाळत होती. तिच्या बाजूला लेबल असलेल्या दहा-बारा बरण्या उरल्या होत्या. आत्या त्या न्यायला आली तर तिने बरण्यांवर हात आडवा ठेवला. आत्या परत गेली.

रविवार, १ ऑक्टोबर

आठ दिवस.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

सांगितलं.

गिरणीपाशीच गाठलं तिला. रांगेत सात बायका, सगळ्यांचे कान आमच्याकडे. मी म्हणालो, जरा बाजूला ये. ती म्हणाली, "इथेच बोल. बाजूला नेऊन तू खोटं बोलतोस."

मग इथेच बोललो. हळू, पण बोललो. सही मी दिली. जुलैत. रागात. वाचलं नाही, पण रागात दिली हे जास्त खरं. आणि तो चेहरा मनातला नाही. तुझा आहे. मार्चमध्ये तू इथे बसली होतीस, मी तिथे, त्या फळीवर.

ती बादलीची कडी धरून उभी होती. कडी करकरत होती तेवढाच आवाज.

"एवढंच?"

मी म्हणालो, नाही. त्या कचेरीला दाखवायला तारखेसकट चित्र आहे. माझ्या वहीत. पण तूच हरकत घ्यायला हवीस, चेहरा तुझा आहे. काकांची परवानगी लागत नाही, वकीलबाई म्हणाल्या. तू एकवीसची आहेस.

"धर्मबापाविरुद्ध."

"हो."

"बाबा माझ्याशी बोलणार नाहीत."

रांग पुढे सरकली. तिने बादली उचलली, दोन पावलं टाकली, परत ठेवली. "वहीत अजून काय आहे?"

"सगळं," म्हणालो.

मागून एक म्हातारी म्हणाली, "अगं हो म्हण नाहीतर नाही म्हण, आमच्या मिरच्या सादळल्या." बायका हसल्या. सुलेमा हसली नाही. आत गेली, गिरणी सुरू झाली, मग काही ऐकूच आलं नाही.

बुधवार, ४ ऑक्टोबर

निरोप नाही.

दुपारी फेर्मिनची गाडी वर्कशॉपसमोर थांबली. काच खाली. म्हणाला, "बायकांच्या रांगेत बोललास म्हणे. आता मला सांगायला काही ठेवलंच नाहीस." गाडी लगेच गेली नाही. इंजिन चालू ठेवून बसला. पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. की माझीच भीती काचेत दिसली?

गुरुवार, ५ ऑक्टोबर

सकाळी ती मामाच्या फोनवर. माझ्या नाही, मामाच्या! "त्याला सांगा, उद्या दहाला नोटरीकडे. वही घेऊन."

ओफेलियाबाईंना फोन केला. विचारलं, फक्त तीन मार्चचं पान फाडून आणलं तर?

"फाटलेल्या पानाला काय किंमत? कुणीही कालसुद्धा काढेल ते. पुढची-मागची पानं, तारखा, शाई, एकामागून एक — त्यामुळे ते पान खरं ठरतं. नोटरी पूर्ण वही बघतील, पानांना नंबर घालतील, प्रतीवर शिक्का मारतील. एक पान कमी असलं तर समोरचा वकील त्याच भोकावर बोट ठेवेल." मग विचारलं, "त्यात तू स्वतःविरुद्ध लिहिलंयस का?"

"हो."

"उत्तम. लोक स्वतःविरुद्ध खोटं लिहीत नाहीत."

समोर ब्लेड आहे. १९ सप्टेंबरचं पान असं सुटेल की शिवणीत खूणही राहणार नाही. हात साफ आहे माझा, फेर्मिन म्हणालाच.

तिला सही केल्याचं माहीत आहे. का केली हे माहीत नाही. 'घेऊन जा तिचं तोंड' हे तिला माहीत नाही. 'लावा बैलाला' हे माहीत नाही. ते ती उद्या वाचेल. तिला प्रत द्यावीच लागेल, अर्ज तिचा आहे.

पान काढलं तर ती मला माफ करेल कदाचित. आणि तेर्काचं नाव जाईल.

ब्लेड मामाकडे दिलं. म्हटलं, रात्रभर तुझ्या खिशात ठेव. तो म्हणाला, दाढी करायची होती का? मी म्हणालो, नाही, उलट. काहीच कापायचं नाही.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

नोटरीच्या बाहेरच्या बाकावरून लिहितोय. पाच मिनिटांत वही आत द्यायची.

ती आली. पांढरा ब्लाउज, केस घट्ट बांधलेले, ती बटसुद्धा मागे घेतलेली. एकटी. काका आले नाहीत. आज सकाळी त्यांनी तिच्यासमोर नाश्ता ठेवला आणि काही न बोलता बाहेर गेले म्हणे. तिने हे ओफेलियाबाईंना सांगितलं, मला नाही. मी बाकाच्या टोकाला होतो म्हणून ऐकू आलं.

आधी मला आत बोलावलं. नोटरी म्हातारे, हातात भिंग. शपथेवर विचारलं, चित्र कुणाचं? मी म्हणालो, सुलेमा मेसाचं. त्यांनी टंकलेखकाला सांगितलं, लिहा. इतकं सोपं होतं ते. सहा महिने एवढ्या एका वाक्याला घाबरत होतो!

आता तिचा जबाब. दार बंद आहे. अर्धा तास होऊन गेला. एवढं काय सांगतेय?

वही मागताहेत. इथे थांबतो. यामागचं तुम्ही सगळ्यांनी वाचायचं नाही — पण वाचालच. मग वाचा. पान एकही फाडलेलं नाही.

मंगळवार, १० ऑक्टोबर

वही परत मिळाली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आकडा आणि गोल शिक्का. तिच्या चपलांच्या पानावरसुद्धा शिक्का. सरकारने तिच्या चपलांची दखल घेतली.

हरकत काल दुपारी दाखल झाली. त्यांचाही अर्ज गेला — ला तेर्का, सेल्सो मेसाच्या नावाने, चेहऱ्याला संमती सुलेमाची, चित्रकार मी. निकालाला महिने लागतील. ओफेलियाबाई म्हणाल्या, बाजू भक्कम आहे, पण पेढे वाटू नका.

ती नोटरीकडून बाहेर पडली ती थेट बसला. माझ्याकडे बघितलं नाही. वाचलं असणार सगळं. बैलाचंही.

जत्रेत जे झालं ते मामाने सांगितलं. रविवारी फेर्मिन नेहमीसारखा स्टॉलवर आला. हात पसरून म्हणाला, "कोम्पाद्रे, हे काय ऐकतोय मी?" सेल्सोकाका मोले ढवळत होते. त्यांना सगळं कळलेलं, पोरीने शनिवारी स्वतः सांगितलेलं. शेजारच्या स्टॉलवाल्यांचे हात थांबले. काकांनी डाव खाली ठेवला आणि म्हणाले —

"काय देऊ तुला?"

वीस वर्षांनी 'तुला'. फेर्मिनने पसरलेले हात खाली घेतले. मग गेला. मामा म्हणतो, शिवी दिली असती तर ती परत घेता आली असती.

पाटी सुलटी करून लावलीये. कोणी लावली ते कळलं नाही. काका तर शिडीवर चढत नाहीत.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

ओफेलियाबाईंनी नोटरीच्या दस्ताची प्रत पाठवली. माझा जबाब सहा ओळी. तिचा दीड पान. तिसरा परिच्छेद जसाच्या तसा उतरवतो:

'जबाब देणारी सांगते की, तीन मार्च रोजी गिरणीपाशी आपले चित्र काढले जात असल्याचे तिला पहिल्यापासून माहीत होते. मान वर केली असती तर तो थांबला असता, म्हणून तिने मान वर केली नाही. मिरच्या संपल्यावर तिने निवडलेल्याच पुन्हा निवडल्या. हे चित्र काढण्यास तिची संमती होती. श्री. ओल्वेरा यांना ते नोंदवण्यास नव्हती व नाही.'

दीड तास. मान दुखली असणार तिची.